वजन उतरते, उतरलेले टिकत का नाही?



दरवर्षी जून महिन्यात आमच्या शाळेत मुलामुलींची उंची व वजन घेण्यात येते. गतवर्षी नववीच्या वर्गाची वजने घेताना आकडा वाचून सांगण्याचे काम आमच्याकडे होते. एकेक मूल काट्यावर चढे, आम्ही आकडा मोठ्याने सांगत असू आणि मॉनिटर तो वहीत उतरवून घेई. एका मुलीचा आकडा वाचताना आम्ही क्षणभर थांबलो, किंचित हसलो व "काटा बरोबर आहे ना रे?" असे बोलून गेलो. वर्ग हसला. तीही हसली. सायंकाळपर्यंत आम्ही तो प्रसंग विसरूनही गेलो. ती मात्र विसरली नव्हती.

तीन महिन्यांनी सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी ही मुलगी घेरी येऊन मटकन खाली बसली. पाणी पाजून विचारपूस केली तेव्हा कळले की आदल्या दुपारपासून तिच्या पोटात चहाखेरीज काही गेले नव्हते, आणि कित्येक आठवडे तिचा डबा तिच्या मैत्रिणीच खात होत्या. निरोप मिळताच तिच्या मातोश्री शाळेत आल्या. त्या म्हणाल्या, "सर, पहिल्या महिन्यात हिचे चार किलो उतरले. घरात सगळ्यांनी शाबासकी दिली. मग रात्री उठून फराळाचे डबे उघडू लागली. दिवसा उपास आणि रात्री हे! आता उतरले होते त्याहून जास्त चढले आहे. हिचा जिभेवर ताबाच नाही, सर." मुलगी मान खाली घालून उभी होती.

"जिभेवर ताबा नाही" हे वाक्य आपल्या घरोघर ऐकू येते. खरे सांगावयाचे तर आम्ही स्वतःविषयीही ते अनेकदा उच्चारले आहे. चाळिशी उलटल्यानंतर आम्ही तीन वेळा भात, साखर व तूप सोडले, तीन वेळा पाच-सहा किलो उतरविले आणि तीनही वेळा ते दीड-दोन वर्षांत परत आले. आमच्या शिक्षकांच्या खोलीत असे दुसरेही आहेत. इतकी माणसे, त्यांतील कित्येक इतर सर्व बाबतींत निश्चयी व कष्टाळू, याच एका ठिकाणी पराभूत का व्हावीत? सर्वांच्याच जिभा अनावर आहेत काय? त्या दिवसापासून आम्ही या विषयावर वैद्यकशास्त्रातील संशोधकांनी काय लिहिले आहे ते मिळेल तेथून वाचू लागलो. जे समजले ते येथे मांडीत आहो. कारण ते आधीच ठाऊक असते तर त्या मुलीस आम्ही हसलो नसतो.

प्रथम एक साधी गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पथ्य सुरू केल्यावर पहिल्या आठ-दहा दिवसांत जे वजन भराभर उतरते ते बहुतांशी चरबीचे नसते. आपले यकृत व स्नायू यांत साखरेचा एक साठा असतो. तो सुमारे अर्धा किलो भरतो आणि त्यातील प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते. खाणे तोडले की हा साठा प्रथम खर्ची पडतो व त्याबरोबरचे पाणीही निघून जाते. काटा दोन किलो खाली येतो आणि मनुष्य हर्षभरित होतो. पुढे दोन दिवस नीट जेवला की साठा भरतो, पाणी परत येते, आणि तो बिचारा समजतो की दोन दिवसांत आपल्या अंगावर दोन किलो चरबी चढली.

ही गोष्ट कोल्हापूरकरांस पटवून देण्यास फारसे श्रम पडू नयेत. येथे गल्लोगल्ली तालमी आहेत व शाहू छत्रपतींनी बांधविलेले खासबागेचे मैदान आहे. कुस्तीचे आता वजनी गट असल्यामुळे सामन्यापूर्वी मल्ल घाम गाळून व पाणी तोडून वजन उतरवितात हे येथील लहान मुलासही माहीत आहे. 1924 नव्हे, अगदी कालपरवाच्या 2024 सालच्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट ही आपली कुस्तीगीर अंतिम सामन्याच्या दिवशी सकाळी 50 किलोंच्या गटात केवळ 100 ग्रॅम अधिक भरली व बाद झाली. त्याच स्पर्धेत अमन सेहरावत याने सुमारे दहा तासांत 4.6 किलो वजन उतरविले व 57 किलोंच्या गटात कांस्यपदक मिळविले. दहा तासांत साडेचार किलो चरबी जळणे शक्यच नाही. ते पाणी होते, आणि पाणी प्यायल्यावर ते परत येते. मल्लास हे ठाऊक असते. म्हणून वजन परत आल्याचे त्यास दुःख होत नाही. आपणांस ते ठाऊक नसते एवढाच भेद.

आता खऱ्या चरबीकडे वळू. शरीरातील एक किलो चरबीत सुमारे 7700 कॅलरी साठविलेल्या असतात. कॅलरी हे अन्नातून मिळणारी ऊर्जा मोजण्याचे माप होय. यावरून लोक असा हिशेब मांडतात की, रोजच्या खाण्यातून 500 कॅलरी कमी केल्या तर पंधरा-सोळा दिवसांत एक किलो चरबी उतरेल. हिशेब वाण्याच्या वहीसारखा स्वच्छ दिसतो. परंतु तो तसाच पुढे चालविला तर काय होते पाहा. वर्षास सुमारे 24 किलो उतरतील, आणि साठ किलोंचा मनुष्य तीन वर्षांच्या आत पृथ्वीतलावरून नाहीसा होईल! असे कोणी नाहीसे झालेले नाही. म्हणजे हिशेबात कोठे तरी चूक आहे. चूक ही की, जमा कमी झाली तरी खर्च पूर्वीइतकाच राहील असे आपण गृहीत धरले. शरीर हे निर्जीव वही नव्हे. जमा घटली असे पाहताच ते सुज्ञ गृहिणीप्रमाणे खर्चास कात्री लावते.

या काटकसरीचा पुरावा ज्या एका प्रयोगात फार स्पष्ट दिसून आला तो विद्यार्थ्यांनी अवश्य समजून घ्यावा. दुसरे महायुद्ध संपत आले होते आणि युरोपात लक्षावधी लोक अर्धपोटी होते. त्यांस पुन्हा अन्न कसे द्यावे हे शास्त्रीय रीतीने ठरविण्यासाठी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात डॉ. अँसेल कीज यांनी 1944 च्या नोव्हेंबरात एक प्रयोग आरंभिला. सदसद्विवेकबुद्धीस स्मरून शस्त्र हाती धरण्यास ज्यांनी नकार दिला होता अशा 36 निरोगी तरुणांनी या कामी आपली शरीरे स्वेच्छेने दिली. पहिले बारा आठवडे त्यांस पुरेसे अन्न मिळाले. पुढील चोवीस आठवडे रोज दोनच वेळा, बटाटे, सलगम, पाव अशा पदार्थांचे सुमारे 1570 कॅलरींचे जेवण देण्यात आले व आठवड्यास 22 मैल चालणे सक्तीचे होते. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने उतरले. परंतु येथे आम्हांस सांगावयाचे ते निराळेच आहे. त्या तरुणांची नाडी मंद झाली. त्यांस भर उन्हाळ्यात थंडी वाजू लागली. स्वस्थ पडून असताना शरीर जी ऊर्जा खर्च करते ती सुमारे चाळीस टक्क्यांनी घटली. एंजिनाने कोळसा संपत आल्याचे ओळखून आपण होऊन वेग कमी करावा तसे हे झाले.

आणि मनाची दशा काय झाली? ज्यांस पूर्वी स्वयंपाकात रस नव्हता ते पाककृतींची पुस्तके जमवू लागले. स्वप्नांत अन्न दिसे. ताट चाटूनपुसून स्वच्छ करणे नित्याचे झाले. थट्टामस्करी बंद पडली, चिडचिड वाढली, अभ्यासात चित्त लागेना. पुन्हा मनसोक्त खाण्याची मोकळीक मिळाली तेव्हा त्यांतील कित्येक पोट तुडुंब भरले असतानाही भूक शमली नाही असे सांगत, आणि काही महिन्यांनी त्यांच्या अंगावर चरबीचे प्रमाण प्रयोगापूर्वी होते त्याहूनही अधिक झाले. हे तरुण दुर्बळ मनाचे होते काय? ज्यांनी आपल्या तत्त्वासाठी सगळ्या देशाचा रोष पत्करला त्यांस मनोनिग्रह नव्हता असे कोण म्हणेल? आमच्या विद्यार्थिनीने रात्री फराळाचे डबे उघडले. मिनेसोटातील त्या निश्चयी पुरुषांच्या हकीकती वाचल्यावर तिच्या वागण्याचे नवल वाटेनासे झाले. नवल वाटले ते आमच्या अज्ञानाचे.

हे कसे घडते याचा उलगडा पुढील पन्नास वर्षांत होत गेला. 1994 साली न्यूयॉर्क येथे डॉ. जेफ्री फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी लेप्टिन नावाच्या द्रव्याचा शोध लावला. हे द्रव्य आपली चरबीच तयार करते व रक्तातून मेंदूकडे पाठविते. जणू कोठीवरचा कारकून रोज मालकास कळवितो, "साठा पुरेसा आहे, काळजी नसावी." चरबी कमी झाली की ही वर्दी क्षीण होते, मेंदू समजतो की दुष्काळ पडला, आणि तो भूक वाढवितो व खर्च कमी करतो. 1999 साली जपानी संशोधकांनी घ्रेलिन हे दुसरे द्रव्य शोधून काढले. ते मुख्यतः जठरात तयार होते व भूक चाळविते. आता कोणास वाटेल की, चार-सहा महिने नेट धरला म्हणजे शरीर नव्या वजनास सरावेल. याचे उत्तर 2011 साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दिले. पन्नास स्थूल व्यक्तींस दहा आठवडे अत्यल्प आहार देण्यात आला. ज्यांनी तो पुरा केला त्यांचे सरासरी साडेतेरा किलो वजन उतरले. एक वर्षानंतर त्यांचे रक्त तपासले तेव्हा लेप्टिन अद्याप खालीच होते, घ्रेलिन अद्याप वरच होते आणि भूक पूर्वीपेक्षा अधिकच होती. वर्षभर लोटले तरी शरीर हरवलेल्या वजनाचा शोध घेतच होते.

अमेरिकेतील "द बिगेस्ट लूझर" या वजन उतरविण्याच्या जाहीर स्पर्धेतील चौदा जणांची हकीकत 2016 साली प्रसिद्ध झाली. त्यांनी तीस आठवड्यांत सरासरी 58 किलो उतरविले होते. सहा वर्षांनी त्यांतील सरासरी 41 किलो परत आले होते. आणि आश्चर्य हे की, त्यांच्या देहाच्या मानाने विश्रांतीच्या वेळी जितकी ऊर्जा खर्च व्हावी असे अनुमान निघे त्याहून ती रोज सुमारे 500 कॅलरींनी कमीच होती. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका गणनेवरून असे दिसते की, उतरलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा रोजचा खर्च वीस ते तीस कॅलरींनी घटतो, तर भूक मात्र सुमारे शंभर कॅलरींनी वाढते. म्हणजे दहा किलो उतरविणाऱ्या मनुष्यास पूर्वीपेक्षा कमी खावयाचे असते, आणि त्याच वेळी त्याचे पोट पूर्वीपेक्षा रोज हजार कॅलरी अधिक मागत असते. अशा मनुष्यास "जिभेवर ताबा ठेव" असे सांगणे म्हणजे प्रवाहाविरुद्ध पोहणाऱ्यास काठावरून "हात जोराने मार" असे ओरडून सांगण्यासारखे आहे.

शरीराने इतका हट्ट का धरावा? याचे उत्तर इतिहासात शोधावे लागते असे अनेक शास्त्रज्ञांस वाटते. मनुष्यजातीच्या दीर्घ आयुष्यात विपुलता क्वचित आणि टंचाई वारंवार अशीच स्थिती होती. आपल्या दख्खनचाच विचार करा. 1876 ते 1878 चा भीषण दुष्काळ, पुन्हा 1896 व 1899 चे दुष्काळ, आणि 1972 चा दुष्काळ तर आपल्या आजी-आजोबांच्या आठवणीतला. 1877 साली दुष्काळी कामावरील धडधाकट पुरुषाचे रोजचे धान्य एका पौंडावर आणले गेले होते. अशा काळी जे शरीर चरबी जपून वापरी व भुकेने अन्नाचा शोध घ्यावयास लावी तेच तगले. आपण हौसेने पथ्य करतो तेव्हा शरीरास आपला हेतू कळत नाही. त्यास दुष्काळ एवढेच कळते.

या बाबतीत पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम प्रत्येक मराठी घरात ठाऊक असावे अशा योग्यतेचे आहे. पुण्याजवळील सहा खेड्यांतील माता व बालके यांचा अभ्यास त्यांनी 1993 पासून हाती घेतला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे 3.5 किलो. आपली बाळे अशी किरकोळ. परंतु त्यांच्या अंगावर स्नायूंच्या मानाने चरबी बरीच जपलेली आढळली. 2004 साली "लॅन्सेट" या वैद्यकीय पत्रात डॉ. याज्ञिक व त्यांचे इंग्रज मित्र डॉ. यडकिन या दोघांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले गेले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन तंतोतंत सारखे, पण डॉ. यडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर डॉ. याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के! यावरून दोन बोध घ्यावयाचे. एक, काट्यावरचा आकडा आपल्या प्रकृतीविषयी सर्व काही सांगत नाही. दुसरा, सडपातळ मनुष्याने स्थूल मनुष्यास हसण्याचे काही कारण नाही, कारण मधुमेहाचा धोका त्यालाही असू शकतो.

शरीराचा पक्ष आम्ही येथवर मांडला. आता मनाचा व घराचा पक्ष थोडक्यात पाहू. "एकादशी आणि दुप्पट खाशी" ही म्हण आपल्याकडे विनोदाने म्हणतात, पण तिच्यात मानसशास्त्राचा एक सिद्धान्त दडलेला आहे. 1975 साली अमेरिकेत काही विद्यार्थिनींवर एक प्रयोग झाला. ज्या सदैव खाणे आवरून धरीत त्यांस प्रथम मिल्कशेक पाजला व मग आईस्क्रीम पुढे ठेवले. पोटात काही गेले असल्यामुळे त्यांनी आईस्क्रीम कमी खावयास हवे होते. पण मिल्कशेक न घेतलेल्यांपेक्षा त्यांनी ते अधिकच खाल्ले. "नेम मोडलाच आहे, तर आता काय राहिले?" ही ती वृत्ती. नियम जितका कडक तितका तो मोडण्याचा संभव अधिक, आणि मोडला म्हणजे पूर येतो.

घराचा पक्ष याहून साधा आहे. जे पथ्य घरातील एकानेच करावयाचे असते ते फार दिवस चालत नाही. ताटात एकास भाकरी व इतरांस तांबडा-पांढरा रस्सा, हा संसार किती दिवस टिकणार? शिवाय पथ्य हे मुदतीचे कर्ज आहे अशी आपली समजूत असते: तीन महिने फेडले की सुटलो. मुदत संपताच पूर्वीचे खाणे सुरू होते; परंतु शरीर आता पूर्वीचे नसते, ते काटकसरी झालेले असते आणि उपासात काही स्नायूही झिजलेले असतात. आपल्याकडील काही जुन्या पैलवानांची जी गत होते तीच येथे होते. तालीम सुटते, खुराक सुटत नाही. जोर-बैठका बंद झाल्या तरी दूध, तूप व बदाम चालूच राहतात, आणि चाळिशीत पोट पुढे येते. तेथे खर्च घटला व जमा तीच राहिली, येथेही तेच.

मग काय, प्रयत्नच सोडावा? मुळीच नाही. निराशा पदरी बांधण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. 2001 साली अमेरिकेतील 29 अभ्यासांचा एकत्र आढावा घेण्यात आला तेव्हा पाच वर्षांनंतरही सरासरी तीन किलो उतरलेले टिकले होते असे आढळले. हे थोडे दिसते, पण शून्य नव्हे. त्याच देशात 1994 पासून एक नोंदवही ठेवली जात आहे. निदान 30 पौंड वजन उतरवून ते वर्षभर टिकविणाऱ्यांचीच नावे तीत घेतात. अशी हजारो माणसे तीत आहेत. त्यांच्यात समान काय आढळते? बहुतेक जण रोज सुमारे तासभर चालतात किंवा दुसरा व्यायाम करतात, सकाळची न्याहारी चुकवीत नाहीत, सणावारी व एरवी साधारण सारखेच खातात आणि टेलिव्हिजनसमोर फार वेळ बसत नाहीत. यात चमत्कार एकही नाही. त्यांनी जे केले ते मुदतीपुरते केले नाही, एवढेच.

याहूनही आशादायक गोष्ट आपल्याच देशातील आहे. चेन्नई येथे डॉ. ए. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या 531 व्यक्तींचा अभ्यास केला व तो 2006 साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी आपले खाणे थोडे सुधारले व रोज चालण्याचा परिपाठ ठेवला त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे 28 टक्क्यांनी घटले. आणि त्यांचे वजन मात्र विशेष उतरले नव्हते! काटा हलला नाही, पण रोग दूर राहिला. ज्यांनी "एवढे चालूनही वजन तेच" म्हणून चालणे सोडले असेल त्यांनी उद्या सकाळपासून पुन्हा रंकाळ्याची वाट धरावी.

महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत वजन उतरविण्याच्या अनेक पद्धती घरोघर पोहोचल्या आहेत. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी प्रसार केलेली दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धत त्यांपैकीच एक. कोणती पद्धत श्रेष्ठ हा वाद आम्ही घालीत नाही. पद्धत कोणतीही असो, प्रौढाने आपल्या वैद्याचा सल्ला घेऊन स्वतःस एकच प्रश्न विचारावा: "हे मी दहा वर्षे आनंदाने करू शकेन काय?" उत्तर नाही असेल तर उतरलेले वजनही दहा वर्षे राहावयाचे नाही. 2025 साली वजन उतरविण्यासाठी टोचून घ्यावयाची नवी औषधेही आपल्या देशात विक्रीस आली. ती भूक मंदावतात. परंतु त्यांपैकी सेमाग्लुटाइड या औषधाच्या अभ्यासात ते थांबविल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचे सुमारे दोन तृतीयांश परत आले. यावरूनही तेच सिद्ध होते: लढाई जिभेशी नसून शरीरातील भुकेच्या यंत्रणेशी आहे.

आता मुलांविषयी, कारण हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. मोठ्यांचे पथ्य मुलांनी करू नये. तुमची हाडे वाढत आहेत, उंची वाढत आहे, मेंदू घडत आहे. या बांधकामास रोज विटा व चुना लागतो. वाढत्या वयात पुष्कळदा वजन उतरविण्याची गरजच नसते. ते काही काळ स्थिर राहिले तरी उंची वाढते व प्रमाण आपोआप सुधारते. उपासाने काय साधते तेही पाहा. अमेरिकेत नऊ ते चौदा वर्षांच्या सुमारे 15,000 मुलामुलींवर काही वर्षे लक्ष ठेवण्यात आले व तो अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला. जी मुले वारंवार पथ्य करीत होती त्यांचे वजन पथ्य न करणाऱ्यांपेक्षा अधिकच वाढले. तेव्हा डबा मैत्रिणीस देऊन टाकणे हा वजन कमी करण्याचा मार्ग नव्हे. पुष्कळदा तो वाढविण्याचा मार्ग आहे. वजनाविषयी खरीच चिंता असेल तर आईवडिलांबरोबर डॉक्टरांकडे जावे, मोबाइलवरच्या जाहिरातींकडे नव्हे.

पालकांस आमची विनंती अशी की, एका मुलाचे ताट बदलू नका; सर्व घराचे बदला, आणि तेही हळूहळू. ज्वारीची भाकरी, उसळ, आमटी, पालेभाजी व ताक हे आपल्या जिल्ह्याचे जुने जेवण आहे; ते गरिबीचे लक्षण समजून टाकू नका. चहातील साखर थोडी थोडी घटवा. शीतपेयांची बाटली घरात आणूच नका, म्हणजे ती नाकारण्याचे बळ कोणास खर्च करावे लागणार नाही. मिसळ खावयाची तर रविवारी सर्वांनी मिळून खा, चोरून नको. मुलांस खेळू द्या व पुरेशी झोप घेऊ द्या. कमी झोपेनेही भूक वाढते. आणि सर्वांत महत्त्वाचे, मुलाच्या देहावरून घरात थट्टा करू नका. वजन उतरल्याची शाबासकीही जपून द्या. शाबासकीची सवय लागलेले मूल वजन परत आल्यावर ते लपवू लागते.

आमच्या मुलांनी एक नाव सदैव लक्षात ठेवावे. खाशाबा जाधव आपल्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते 52 किलोंच्या गटात उतरले व सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकी येथे 57 किलोंच्या वरच्या गटात त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारतास वैयक्तिक खेळात मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक. या चार वर्षांत ते अधिक वजनदार झाले, आणि अधिक बलवानही. देहाकडून काय काम होते हे आधी पाहावे, काट्याचा आकडा मागाहून.

त्या मुलीस आम्ही नंतर बोलावून घेतले व चूक आमची होती असे तिच्या आईसमक्ष सांगितले. तिला डॉक्टरांकडे नेण्यात आले. ती आता डबा स्वतः खाते व सायंकाळी मैदानावर थ्रोबॉल खेळते. तिचे वजन किती हे आम्ही विचारलेले नाही. यंदाच्या जूनमध्ये वजने घेतली तेव्हा काटा पडद्याआड ठेवला होता. आकडा पाहून तो वहीत लिहिला गेला आणि कोणीही तो मोठ्याने वाचला नाही. ही पद्धत आमच्या शाळेत यापुढे कायम राहील. इतर शाळांनी व घरांनीही ती उचलावी अशी विनंती करून हा लेख पुरा करितो.